‘मुलं सांभाळून’ या दोन शब्दांचा हिशेब

सांगली-साताऱ्याकडे लेकीला किंवा सुनेला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘मुलं सांभाळून घरच्या घरी काहीतरी सुरू कर.’ ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये खात्यावर येऊ लागले आणि या सल्ल्याला नवा जोर आला. हे पैसे किराण्यात जिरतात, त्यापेक्षा बायकांनी त्यातून उद्योग उभा करावा, असं काही जण म्हणतात. १५०० रुपयांत कसला उद्योग होतो, असं बाकीचे विचारतात. इंग्लंडमध्ये राहून हा वाद ऐकताना एक गोष्ट सारखी खटकते. दोन्हीकडचे लोक भांडवलावर बोलतात, वेळेवर कुणीच बोलत नाही. १५०० रुपयांत शेंगदाणे येतात, लसूण येतो, पाकिटंही येतात. पण दीड वर्षाचं पोर चार तास दुसऱ्या कुणाच्या नजरेखाली राहील, ते चार तास कुठून आणायचे?

इंग्लंडमध्ये या चार तासांचा विचार निदान कागदावर तरी झालाय. सप्टेंबर २०२५ पासून नऊ महिन्यांच्या बाळापासून शाळेत जाईपर्यंत, नोकरी-धंदा करणाऱ्या आईबापांना वर्षातले ३८ आठवडे, आठवड्याला ३० तास सरकारी खर्चाने मूल सांभाळून मिळतं. त्यासाठी आठवड्याला १६ तासांच्या किमान वेतनाएवढी कमाई दाखवावी लागते, आईबाप एकत्र राहत असतील तर दोघांनाही. स्वतःचा धंदा नव्याने सुरू केला असेल, तर पहिले बारा महिने मात्र ही कमाईची अट लागत नाही. मला ही सवलत फार शहाणपणाची वाटते. पहिल्या वर्षी धंद्यातून काही सुटत नाही आणि नेमकं त्याच वर्षी मूल सांभाळणारं माणूस सगळ्यात जास्त लागतं, हे नियम करणाऱ्याला कळलेलं आहे.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं समजू नये. उरलेले चौदा आठवडे आईचेच. जेवणाचे, लंगोटांचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे. जवळच्या पाळणाघरात जागा नाही म्हणून महिनोन्‌महिने थांबणाऱ्या आया कमी नाहीत. शिवाय शेजारी जाऊ नाही, वरच्या मजल्यावर सासूबाई नाहीत, ‘जरा बघा हो याच्याकडे’ म्हणायला कुणी नाही. सांगलीतल्या आईकडे हे माणूसबळ असतं. पण आजीचे चार तास फुकटचे धरले जातात आणि आजीच्या गुडघ्यांनी नाही म्हटलं की धंदा बसतो. अंगणवाडी तीन वर्षांपुढच्या मुलांना सकाळचे काही तास घेते. त्याआधीचं वय मोकळंच राहतं.

आता हा वेळ हिशेबात धरला नाही तर काय होतं ते एका पदार्थावर बघू. शेंगदाण्याची चटणी घेऊ, कारण ती आपल्याकडे प्रत्येकीला येते आणि म्हणूनच तिचा भाव पडलेला असतो. खालचे दर नमुन्याला धरलेत. आपल्या पेठेतले घालून हाच हिशेब करावा.

एक किलो तयार चटणीला ९०० ग्रॅम कच्चे शेंगदाणे लागतात. भाजून, पाखडून, फोलपटं काढून ते सव्वाआठशेच्या आसपास भरतात. १५० रुपये किलोने झाले १३५. सोललेला लसूण १०० ग्रॅम, २० रुपये. तिखट ८० ग्रॅम, ३२ रुपये. मीठ-जिरं ८, गॅस १०. पाव किलोची चार पाकिटं लेबलासह २४. एकूण २२९. सांडणं, चवीला देणं, फुटलेलं पाकीट, यासाठी ११ धरा. झाले २४० रुपये. बहुतेक घरांत हिशेब इथेच थांबतो. ३४० रुपये किलो भाव लावला की शंभर रुपये सुटले असं वाटतं.

आता पाच किलोच्या घाण्याचा वेळ मोजा. दाणे निवडणं ४० मिनिटं. भाजणं एक तास, कारण घरच्या कढईत एका वेळी किलोभरापेक्षा जास्त नीट भाजत नाही. फोलपटं काढणं ४०, अर्धा किलो लसूण सोलणं ५०, दळणं ४०, वीस पाकिटं भरून-तोलून-सील करणं एक तास, आवराआवर ३०. शिवाय ऑर्डरचे मेसेज, दुकानात पोचवणं, पैशाची आठवण करणं, याला सव्वा तासाच्या वर. सगळं मिळून ४०० मिनिटं, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. तासाला ६० रुपये मजुरी धरली तरी ४०० रुपये झाले, किलोमागे ८०. म्हणजे चटणी पडली ३२० ला. दुकानदार वीस टक्के घेतो, त्यामुळे छापील किंमत ४०० हवी, पाव किलोला १००.

तीच चटणी ‘घरगुती आहे, लोक काय म्हणतील’ म्हणून ३४० ला लावली, तर दुकानदाराकडून हातात येतात २७२. खर्च २४० वजा जाता किलोमागे ३२. पाच किलोला १६०. सहा तास चाळीस मिनिटांचे १६० रुपये, म्हणजे तासाला २४. कष्ट करूनही वर्षअखेर हातात काही का राहत नाही, याचं उत्तर या एका आकड्यात आहे.

हिशेब जमत नाही म्हणून तो टाळला जातो, हे मला पटत नाही. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी महिला बँक १९९७ साली उभी राहिली. त्याआधी रिझर्व्ह बँकेने बायका निरक्षर आहेत म्हणून परवाना नाकारला होता. त्याच बायका अक्षरं शिकून परत गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो म्हणाल्या. आपल्या आयांना हिशेब येतो. स्वतःच्या तासाला किंमत लावायची सवय आपण त्यांना लागू दिलेली नाही.

वेळ मोजला की पुढचा प्रश्न येतो, कुठलं काम मूल जवळ असताना करता येतं? याची कसोटी सोपी आहे. हातातलं काम क्षणात टाकून उठलं तर माल बिघडतो का? लसूण सोलताना उठता येतं. कढईवरून उठलं तर दाणे एका बाजूने करपतात आणि एक करपलेली मूठ अख्ख्या घाण्याला कडवट करते. सील करताना उठलं तर पाकिटाच्या तोंडाला भुकटी चिकटते, वरून सील लागल्यासारखं दिसतं आणि आठ दिवसांनी दुकानात ते पाकीट सुटतं. म्हणून घाणा दोन दिवसांत तोडावा. आदल्या दिवशी लसूण आणि निवडणं, दुसऱ्या दिवशी मूल घराबाहेर असताना भाजणं, दळणं, भरणं.

निवडण्यातही एक धोका आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. ताटातून उडालेला दाणा रांगतं मूल उचलून तोंडात घालतं. अख्खा शेंगदाणा लहान मुलाच्या श्वासनळीत अडकू शकतो. इंग्लंडमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊच नका, असं पालकांना स्पष्ट सांगतात. त्यामुळे दाणे जमिनीवर बसून सुपात निवडायचे नाहीत. मूल झोपलेलं असताना, कडा असलेल्या परातीत, टेबलावर निवडायचे आणि उठण्याआधी फरशी झाडून घ्यायची. अंगावर पाजणाऱ्या आईने तिखट कालवण्याचं काम हातमोजे घालूनच करावं. नुसतं पाण्याने हात धुऊन तिखटाची आग जात नाही.

माल का बिघडतो तेही सांगते. दाणे गरम असताना दळले की तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. लसूण ओलसर राहिला की बुरशी येते, म्हणून तो मंद आचेवर कोरडा परतून घ्यायचा. चटणी पूर्ण गार व्हायच्या आत पाकीट बंद केलं तर आत वाफ धरते. साध्या पातळ पिशवीतून तेल पाझरतं, हवा आत जाते आणि चटणी खवट होते. लॅमिनेटेड पाकीट दोन रुपयांनी महाग पडतं, पण परत आलेला माल त्याहून महाग. पापड-कुरडया करायच्या असतील तर वेगळीच अडचण. वाळवणाचं ऊन मार्च ते मे, आणि मे म्हणजे शाळेची सुट्टी. कामाचा हंगाम आणि मुलांचा हंगाम एकाच महिन्यात येतात. ज्यांच्याकडे मदतीला कुणी नाही त्यांनी वाळवणाचा धंदा विचार करूनच धरावा. आणि सांगलीत नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांनी जूननंतर कच्च्या मालाचा मोठा साठा तळमजल्यावर करू नये. २०१९ आणि २०२१ चे पूर आठवावेत.

नोंदणीवरही आपल्याकडे वाद होतो. ‘चार पाकिटं विकते, तिला कसला अन्नपरवाना?’ इंग्लंडमध्ये घरच्या ओट्यावर केक करून विकणाऱ्या बाईलाही धंदा सुरू करण्याआधी २८ दिवस स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. ती फुकट असते आणि नाकारली जात नाही. मग तपासनीस घरी येतो, स्वयंपाकघर बघतो, शून्य ते पाच गुण देतो. तो हात धुवायची सोय विचारतो, ओट्यावर दप्तर आणि खेळणी येतात का ते बघतो, फ्रीजचं तापमान लिहिलेली वही मागतो. ऑक्टोबर २०२१ पासून विक्रीआधीच बांधून ठेवलेल्या पदार्थावर सगळे घटक छापावे लागतात आणि त्यातले ॲलर्जीचे ठळक अक्षरात.

आपल्याकडचा कायदा फार वेगळा नाही. घरून विकणाऱ्यांनाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते आणि चौदा अंकी क्रमांक मिळतो. तो पाकिटावर टाकायचा. सोबत हिरवा शाकाहारी ठिपका, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, कमाल किंमत, तयार केल्याची आणि वापरायची तारीख, घाण्याचा क्रमांक, पत्ता आणि ‘यात शेंगदाणा आहे’ ही ॲलर्जीची सूचना. ज्याच्यावर तोलून विकायचं त्या काट्यावर वैधमापन विभागाची मोहोर हवी. स्वयंपाकघरातला ऑनलाइन मागवलेला काटा चालत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नयेत. फरक आहे तो घरी येऊन बघणाऱ्याचा. इथे तो येतोच. तिकडे कुणी आलं नाही तरी ओटा तसाच ठेवावा, कारण पहिल्यांदा कुणाच्या मुलाचं पोट बिघडलं की त्या गल्लीत चटणी पुन्हा विकली जात नाही.

आणि गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायचा क्यूआर कोड कुणाच्या नावाचा? हे विचारलं की घरातल्यांना राग येतो, तरी विचारावं. चटणी तिची, नोंदणी तिची आणि पैसे मात्र नवऱ्याच्या खात्यावर, असं असेल तर सहा महिन्यांनी बँक तिला व्यवहार दाखवा म्हणते, तेव्हा तिच्याकडे दाखवायला काही नसतं. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचं शिशू कर्ज विनातारण मिळू शकतं, पण तिच्या खात्यावरची उलाढाल दिसली तर बोलणी सोपी होतात.

‘घरबसल्या कमवा’च्या जाहिरातींपासून मात्र लांब राहावं. पेन्सिल पॅक करायचं काम देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा. अगरबत्तीचं मशीन घ्या, माल आम्हीच उचलू. मशीन दुप्पट किमतीला गळ्यात पडतं आणि माल उचलणारा फोन उचलत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करावी.

परदेशातल्या आपल्या लोकांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. सुट्टीला आल्यावर दहा पाकिटं घेताना ‘घरचंच आहे ना, कमी करा’ म्हणू नका. तो कमी केलेला भाव तिच्या मजुरीतूनच जातो. आणि ब्रिटनमध्ये साताऱ्याचे कंदी पेढे कुरिअरने मागवू नका. भारतातून दुधाचे पदार्थ असे आणायला इथे बंदी आहे, पार्सल अडतं आणि नुकसान बहुतेकदा पाठवणारीच्या माथी येतं.

लाडकी बहीणच्या वादात मला एक सुचवायचं आहे. इंग्लंडमध्ये दुसऱ्यांची मुलं आपल्या घरी सांभाळणं हाच मोठा घरगुती उद्योग आहे. नोंदणी करावी लागते, लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं शिक्षण घ्यावं लागतं आणि एका बाईला एका वेळी पाच वर्षांखालची साधारण तीनच मुलं घेता येतात, त्यात स्वतःचंही मोजलं जातं. गल्लीतल्या चार बायका चार चटण्या करायच्या विचारात असतील, तर त्यातल्या एकीने चटणी सोडून हे करावं. तिच्या घरी रांगतं मूल नसेल तर उत्तम. बाकी तिघींनी तासाला प्रत्येकी २५ रुपये दिले तर तिला तासाला ७५ मिळतात, चटणीच्या मजुरीपेक्षा जास्त. घाण्याचं भाजण्यापासून आवरण्यापर्यंतचं काम चार तासांत बसतं, म्हणजे पाच किलोमागे १०० रुपये, किलोमागे २०. दुकानदाराचे वीस टक्के धरून छापील किंमत किलोला २५ रुपयांनी वाढते. शंभराचं पाकीट १०६ रुपये २५ पैशांना.