सुरमईचे एकवीस दिवस

ऐन शिमग्यात आमच्या सुरमईला कावळा शिवला. निदान आईचं. खळ्यातल्या सारवणावर चार लाल थेंब दिसले म्हणून मी काटाबिटा शोधत तिचे पंजे तपासत होतो. आई पडवीतूनच म्हणाली, "पायात काय बघतस? कावळो शिवलो तिका."

सुरमई म्हणजे आमची कुत्री. वय आठ महिने. मासळीच्या टोपलीत तोंड घालण्यावरून नाव पडलेलं. गुरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, साधारण तीन आठवडे धरा. आई चकित. "आमचे चार दिवस नि हिचे एकवीस? गणपती हाडलास काय?"

बायकोने हात झटकले. "माझ्या वेळी तू पेपरात तोंड घालून बसायचास ना? आता कर सेवा." यावर काही बोलण्यासारखं नव्हतं.

मेडिकलवाल्याने सवयीने पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं. मी म्हटलं, "अरे, कुत्रीसाठी आहे, नको गुंडाळू." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आणखी एक कागद गुंडाळून काळ्या पिशवीत घातलं. घरी पुतण्याच्या जुन्या चड्डीला शेपटीपुरतं भोक पाडलं, आत पॅड लावला, मोठ्या कौतुकाने तिला नेसवली. मी हात धुऊन येईपर्यंत खळ्यात शेवरी फुटल्यासारखा कापूस उडत होता आणि सुरमई इलॅस्टिक चघळत होती. मग सरळ घरातल्या गोधड्या उचलून ठेवल्या आणि मी फडकं घेऊन तिच्या मागून फिरू लागलो.

पण खरी पंचाईत घराबाहेर होती. वास किती लांब जातो कोण जाणे; तिसऱ्या दिवशी गडग्यावर बंदरावरचा लंगडा हजर, पाचव्या दिवशी गळ्यात पट्टा असलेला एक खानदानी, आणि एक वीतभर उंचीचा, ज्याची हिंमत बाकी सगळ्यांहून मोठी. रात्री भजनाची डबलबारी. एक बुवा आंब्याखालून आळवायचा, दुसरा माडाखालून उत्तर द्यायचा, झील धरायला अख्खी वाडी. माझ्या स्कूटरचं चाक रोज पावन होत होतं, ते मी सोसलं. वीतभऱ्याने तुळशीवर पाय वर केला तेव्हा मात्र आई खराटा घेऊन धावली.

सुरुवातीला सुरमई कोणी जवळ आला की दात विचकायची. मला अभिमान वाटायचा. दहाव्या दिवशी डाग फिकट पडले, आम्ही म्हटलं संपलं. डॉक्टर म्हणाले, "संपलं नाही, आता खरा धोका. आता ती त्यांना हाकलणार नाही." बघतो तर बाईसाहेब कुंपणाच्या बेड्याशी पाठमोऱ्या उभ्या, शेपूट एका बाजूला, आणि वीतभऱ्या खालून अर्धा आत! मी कळशीभर पाणी ओतलं. तो भिजला, मी भिजलो, ती मात्र माझ्यावरच भुंकली. नंतरचे आठ-नऊ दिवस तिला न्हाणीघरात कोंडली आणि आम्ही विहिरीवर आंघोळी केल्या.

डॉक्टरांना विचारलं, आत्ताच ऑपरेशन करून टाकू का? म्हणाले, या दिवसांत तिथल्या रक्तवाहिन्या भरलेल्या असतात, दोन-तीन महिने थांबा. नाही केलंत तर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा हेच.

आई बोटांवर मोजू लागली. फाल्गुन, चैत्र, वैशाख... भाद्रपदाशी बोट थांबलं.

"आधीच काय ता करून घी रे," ती म्हणाली. "नायतर मेले चतुर्थीक भजनाक येतले."