‘आयसीई’ नावाने नंबर सेव्ह करणे पुरेसे नाही

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा : जवळच्या माणसाचा नंबर ‘आयसीई’ (‘इन केस ऑफ इमर्जन्सी’, म्हणजे आणीबाणीच्या वेळी) या नावाने सेव्ह करा, रुग्णवाहिकेचे कर्मचारी तेच नाव शोधतात, फोनला लॉक ठेवू नका, रक्तगट लिहून ठेवा, म्हणजे लगेच रक्त चढवता येते, आणि नातेवाईक आल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत, म्हणून आधी घरी फोन करा. हेतू चांगला आहे, पण यावर विसंबणे जिवावर बेतू शकते.

मूळ कल्पना खरी आहे. 2005 साली केंब्रिजचे पॅरामेडिक (रुग्णवाहिकेवरचे प्रशिक्षित कर्मचारी) बॉब ब्रॉची यांनी ती मांडली आणि त्याच वर्षी जुलैत लंडनला झालेल्या बॉम्बस्फोटांनंतर ती जगभर पोहोचली. तेव्हाच्या बटणांच्या फोनला क्वचितच कोणी लॉक लावत असे. आज पिन, पॅटर्न किंवा बोटाच्या ठशामागे असलेली यादी परक्याला उघडताच येत नाही. घरातल्या आजोबांकडे साधा फोन असेल, तर त्यात असा नंबर जरूर असावा. मात्र मोहोळ किंवा टेंभुर्णीजवळ महामार्गावर अपघात झाला, तर जखमीपाशी आधी पोहोचतो तो बहुधा ढाब्यावरचा कामगार किंवा मागून येणारा ट्रकचालक, आणि तो ‘आई’, ‘घर’, ‘पप्पा’ हेच शोधणार.

लॉक काढून टाकणे हा तर उपायच नव्हे, कारण फोन हरवला की बँकेचे व्यवहारही उघडे पडतात. आयफोनमध्ये 2014 पासून ‘मेडिकल आयडी’ आणि अँड्रॉइडमध्ये 2016 च्या सातव्या आवृत्तीपासून ‘इमर्जन्सी इन्फॉर्मेशन’ ही सोय आहे. ती भरून ठेवली, की लॉक असलेल्या पडद्यावरच्या ‘इमर्जन्सी’ बटणातून नंबर दिसतो. पण हे बटण दाबायचे असते, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून लॉक स्क्रीनवर थेट दोन नंबर लिहावेत, आणि फोन फुटला तर काय, याचा विचार करून तेच नंबर बॉलपेनने कागदावर लिहून पाकिटात लायसन्सला लागून ठेवावेत. इथे लोक फार चुकतात ते नंबर निवडताना : तुळजापूर-अक्कलकोटला सहकुटुंब एकाच गाडीतून निघालेले नवरा-बायको एकमेकांचेच नंबर देतात. दोनांपैकी एक तरी नंबर गाडीत नसलेल्या माणसाचा हवा. सोलापुरात कन्नड आणि तेलुगू बोलणारी घरे पुष्कळ आहेत. फोन उचलणाऱ्याला मराठी येत नसेल, तर त्याची भाषा नंबरापुढे लिहावी.

रक्तगटाबद्दलचा दावा चुकीचा आहे. कागदावर काहीही लिहिलेले असले तरी रुग्णालय रक्तगट पुन्हा तपासते, क्रॉसमॅच (दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का, याची तपासणी) करते आणि वेळच नसेल तर ओ गटाचे रक्त देते. त्यापेक्षा रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, फिट्स किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, तर तेवढे आधी लिहावे.

सर्वांत घातक आहे तो शेवटचा दावा. जीव वाचवण्याला कागदोपत्री सोपस्कारांपेक्षा प्राधान्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 साली स्पष्ट केले आणि मोटार वाहन कायद्याचे कलम 134 डॉक्टरांवर तेच बंधन घालते. पोलिसांच्या भीतीने मागे सरणाऱ्यांसाठी 2019 च्या दुरुस्तीने कलम 134 अ आले. सद्भावनेने मदत करताना जखमीला काही झाले, तरी त्यासाठी मदत करणाऱ्याला जबाबदार धरता येत नाही. तेव्हा पहिला फोन 108 किंवा 112 ला, राष्ट्रीय महामार्गावर 1033 ला, आणि त्यात जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा. घरी फोन त्यानंतर करावा आणि जखमीला सिव्हिलला नेत आहेत की दुसरीकडे, हे त्यात सर्वांत आधी सांगावे.