मोबाइलवर मेंढीकोट खेळताना पाळायची सभ्यता

सतरंजी घालून, पाने उडू नयेत म्हणून पंखा बंद करून, घामाघूम चौघांनी मेंढीकोट खेळायचे दिवस गेले. त्या प्रकारात हरणाऱ्याला मधेच उठता येत नसे. उठलाच तर लेंग्याला धरून खाली बसवत. मोबाइलवर ही रानटी पद्धत नाही. तिथल्या रीतीभाती मात्र शिकून घ्याव्या लागतात.

पाने चांगली आली तर झटपट खेळा. वाईट आली तर घड्याळ शेवटच्या सेकंदापर्यंत जाऊ द्या. हातात किलवरची एकुलती दुर्री उरली असली तरी विचार करा. बाकीच्या तिघांना तेवढ्यात चहा टाकता येतो.

भिडूला नाक खाजवून खुणावायची सोय आता नाही. तेव्हा त्याला दुसऱ्या फोनवरून गाठा. थेट पाने विचारणे असभ्य दिसते. "शिरा करतोय रे, बदाम आहेत का घरात?" एवढे पुरे. चौकट हवी असेल तर सुताराचा विषय काढा. इस्पिकासाठी निरुपद्रवी वाक्य मला अजून सापडलेले नाही. रंग असताना हुकूम मारून नंतर "चष्मा नव्हता" म्हणण्याची जुनी कला मात्र ॲपने पार बुडवली. चालतील तेवढीच पाने उजळतात मेली.

भिडूने तुमच्याच एक्क्यावर हुकूम मारला तर पूर्वी "अरे ढ!" म्हणून मोकळे होता येई. आता शिव्या देऊ नयेत. हात जोडलेले चित्र पाठवावे. तीस वेळा.

आता मुख्य मुद्दा. समोरच्यांनी तीन दश्श्या नेल्या, चौथी तुमच्या हातात एकटी थरथरते आहे आणि चारही गेल्या की बसणारा कोट डोळ्यांपुढे दिसतोय. अशा वेळी सभ्य माणसाचे नेट जाते. तुमच्या जागी यंत्र खेळू लागते आणि पुष्कळदा तुमच्यापेक्षा बरे खेळते; भिडू त्याचे आभार मानू लागायच्या आत परत या. "लाइट गेली होती" म्हणा. पुण्यात असाल तर हे काम गुरुवारी करा. त्या दिवशी पाणी जायचे असते की वीज, हे कुणालाच नक्की आठवत नाही.

रमीत पळण्याला निदान हिशोब होता. पहिल्याच खेपेला डाव सोडला की वीस गुण, शेवटपर्यंत अडकलात तर ऐंशी, आणि प्रत्येक गुणामागे पैसे. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. आता डावावर लागते ती फक्त अब्रू. माणसे पळतात मात्र तेवढ्याच वेगाने. अब्रूचा भाव एवढा असेल असे वाटले नव्हते.

यातले काहीही साताऱ्याच्या आत्यासमोर करू नका. गेल्या महिन्यात तिसरी दश्शी जाताच माझी लाइट गेली. मिनिटभरात तिचा फोन.

"लाइट गेली का रे बाळा?"

"हो ना आत्या, मघाशीच."

"बरं. मग तो पंखा जरा बारीक कर, तुझं नीट ऐकू येत नाहीये."