जनरेटर आहे, मग जिन्यात बॅटरीचे दिवे कशाला?

काल रात्री अकरा वाजता भावजींनी एक फॉरवर्ड पाठवला. खाली स्वतःची ओळ: "बघ, तुम्ही कंत्राटदार कसे लुटता." ठाण्यात नौपाड्यातल्या त्यांच्या इमारतीत, खाली दुकानं आणि वर दवाखाने-क्लासेस, जनरेटर बसवायचाय. वर्गणीवरून धुसफुस चालूच आहे, त्यात हे तेल.

मेसेज म्हणतो: जनरेटर दहा सेकंदांत येतो, तेव्हा जिन्यातले बॅटरीचे दिवे काढा, जनरेटर तळघरात ठेवा, जागा वाचते, क्षमता वीजबिलावरचा मंजूर भार बघून ठरवा.

दिव्यांचं वाचून माझं डोकंच फिरलं. अहो, जनरेटर आपोआप सुरू करणारं एएमएफ पॅनल बघतं काय? बाहेरून येणारी वीज. ती गेली तरच ते इंजिनाला सेल्फ मारतं. उद्या जिन्याचा एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच, पडला किंवा आगीत जिन्याची केबल जळाली, तर बाहेरची वीज शाबूतच असते. जिन्यात काळोख, आणि जनरेटर ढिम्म! चालू असला तरी जळालेल्या केबलमधून वीज दिव्यापर्यंत पोचणार कशी? शिवाय आग लागली की आधी मेन पाडतात. म्हणून बॅटरी दिव्याच्या पोटातच हवी आणि दिवा जिन्याच्याच सर्किटवर हवा. एमसीबी पडला की तो आपोआप पेटतो.

हे माझं मत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता, 2016 सांगते: वीज गेल्यावर 5 सेकंदांत उजेड, बाहेर पडायच्या वाटेच्या मधोमध जमिनीवर किमान 10 लक्स (उजेड मोजायचं माप), आणि तो टिकायचा किमान 90 मिनिटं. मेसेजवाल्याचे दहा सेकंद खरे धरले तरी तो तिथेच नापास. 1997 साली दिल्लीच्या उपहार सिनेमाच्या आगीत 59 माणसं गेली. धुरात, अंधारात, आपत्कालीन दिव्यांशिवाय. भावजींच्या चौथ्या मजल्यावर संध्याकाळी क्लासची पोरं बसतात. त्यांच्या घरचीही एक.

तळघराबद्दल काय बोलायचं? वंदना टॉकीजपाशी दर पावसाळ्यात पाणी तुंबतं, हे ठाणेकराला मी सांगू?

क्षमतेचं म्हणाल तर बिलावर किलोवॅट असतात, जनरेटर केव्हीएत मिळतो, 0.8 पॉवर फॅक्टरने (केव्हीएतला प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) 100 किलोवॅटला 125 केव्हीए. त्यात थेट सुरू होणारी पंपाची मोटर पहिल्या झटक्यात नेहमीच्या सहापट करंट ओढते, तोही जनरेटरला झेपला पाहिजे. बरं, भीतीपोटी भलता मोठा घेतलात तर कमी लोडवर चालून चालून इंजिन काजळतं.

एक गोष्ट मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य. मेसेज म्हणतो, बसवलेले दिवे वर्षभरात मरतात. मरतात खरे! कारण महिन्याला एकदा टेस्टचं बटण दाबायला कुणी जात नाही, आणि बॅटरी बदलायचा विषय सभेत निघाला की सगळ्यांना घरची कामं आठवतात.

भावजी, आज संध्याकाळी या. क्लास सुटल्यावर जिन्याचा एमसीबी मी पाडतो, तुम्ही चौथ्या मजल्यावरून मोबाइलच्या टॉर्चशिवाय खाली उतरून दाखवा.