बकमन टॅव्हर्न आणि 'दारूच्या गुत्त्या'चा आरोप

१९ एप्रिल १७७५ च्या पहाटे मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन गावाच्या मैदानावर ब्रिटिश फौज आणि गावकऱ्यांची सशस्त्र तुकडी, म्हणजे मिलिशिया, समोरासमोर आली आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक झडली. या घटनेविषयी एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मैदानालगतच्या बकमन टॅव्हर्नमध्ये (टॅव्हर्न म्हणजे खाण्यापिण्याची आणि मुक्कामाची सोय असलेले घर) रात्रभर पिऊन बसलेले लोक झिंगत बाहेर आले आणि त्यातून युद्ध पेटले; वसाहतकाळातील टॅव्हर्न म्हणजे केवळ दारूचे गुत्ते होते; त्यांना गावाचे केंद्र म्हणणे ही पर्यटनाच्या धंद्याने मागाहून चढवलेली झूल आहे. हा मजकूर मला अनेकांनी पाठवला. त्यातील माणसांवर अन्याय होतो असे मला मनापासून वाटते, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

आधी त्या रात्रीचे पाहू. मध्यरात्रीच्या सुमारास बोस्टनचा कारागीर आणि स्वातंत्र्य चळवळीचा निरोप्या पॉल रिव्हिअर ब्रिटिश फौज येत असल्याचा इशारा घेऊन लेक्सिंग्टनला पोहोचला आणि एकच्या सुमारास कॅप्टन जॉन पार्करची तुकडी मैदानावर जमली. फौजेचा मागमूस दिसेना आणि थंडी बोचरी होती, म्हणून पार्करने ढोल वाजताच परत यायचे असे बजावून सर्वांना मोकळे केले. जवळ राहणारे आपापल्या घरी गेले. लांबून आलेले समोरच्या टॅव्हर्नमध्ये शेकोटीपाशी थांबले. म्हणजे सगळी तुकडी रात्रभर तिथे पीत बसली होती, हे मुळातच खोटे. जे थांबले त्यांनी काही घेतलेच नसेल असे मी म्हणणार नाही. बिअर आणि रम यांत काकवी घालून, तापवलेली लोखंडी सळई बुडवून केलेले 'फ्लिप' हे त्या काळचे थंडीतले नेहमीचे पेय होते. पण ऊब यावी म्हणून घेतलेला पेला आणि झिंगलेली फौज यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढणारा एकही पुरावा त्या मजकुरात दिलेला नाही.

त्याच टॅव्हर्नमध्ये त्याच पहाटे काय चालले होते, याची एक हकिकत मात्र रिव्हिअरने स्वतः लिहून ठेवली आहे. चळवळीचा पुढारी जॉन हॅनकॉक याची कागदपत्रांची पेटी तिथे वरच्या मजल्यावर राहिली होती. ती आणायला रिव्हिअर एका सहकाऱ्यासह गेला, तेव्हा माडीच्या खिडकीतून त्याला ब्रिटिश फौज अगदी जवळ आलेली दिसली. ते दोघे पेटी उचलून मैदानावर उभ्या असलेल्या मिलिशियाच्या रांगांमधून बाहेर पडतात तोच मागे गोळीबार सुरू झाला. पार्करची सुमारे ७७ माणसे सातशेच्या आसपास सैनिकांसमोर उभी राहिली होती. त्यांपैकी ८ जण मारले गेले आणि १० जखमी झाले. टॅव्हर्नचे त्या वेळचे दार आजही जपून ठेवलेले आहे. त्यात बंदुकीच्या गोळीने पडलेले भोक आहे, बोट जाईल एवढे. त्या दारासमोर उभे राहिल्यावर 'झिंगलेले लोक' हा शब्द तोंडातून निघत नाही.

आता गुत्त्याचा मुद्दा. १६५६ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने असा नियम केला की प्रत्येक गावाने प्रवाशांसाठी असे घर चालवलेच पाहिजे, नाहीतर दंड भरावा लागेल. गुत्ता चालवला नाही म्हणून कोणतेही सरकार गावाला दंड करत नाही. सरकारला हवी होती ती वाटसरूला निवारा, घोड्याला दाणावैरण आणि गावाला बसायला जागा. परवाना न्यायालयाकडून घ्यावा लागे, आणि एका बैठकीत किती प्यावे, किती वेळ बसावे यावरही १७ व्या शतकातील कायद्यांची बंधने होती.

बसायला जागा ही गोष्ट किरकोळ नव्हती. न्यू इंग्लंडमधील, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या वसाहतींतील, प्रार्थनामंदिरांत शेकोटी नसे. रविवारी दोन प्रवचने होत, आणि मधल्या वेळात गारठलेली कुटुंबे शेजारच्या टॅव्हर्नमध्ये येऊन शेकत. १७१० च्या सुमारास बांधलेल्या बकमन टॅव्हर्नमध्ये हेच घडे. आठवड्यातील इतर दिवशी गुरांचे कळप बाजाराला हाकणारे लोक तिथे उतरत आणि कवायतीच्या दिवशी मिलिशियाची माणसे जमत. मालक जॉन बकमन स्वतः त्या तुकडीत होता. गावोगावच्या टॅव्हर्नमध्ये टपाल येऊन पडे, वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई, लिलाव होत, हिवाळ्यात गावकारभाऱ्यांच्या बैठकाही भरत. आपल्याकडची चावडी, धर्मशाळा आणि टपालकचेरी एका छपराखाली आणली, तर त्या घराची साधारण कल्पना येईल.

राहिली मागाहून चढवलेल्या झुलीची गोष्ट, आणि तिचे उत्तर सर्वांत सोपे आहे. टॅव्हर्नना राजकारणाची शाळा म्हणणारा माणूस पर्यटन व्यावसायिक नव्हता, तर त्यांचा कडवा विरोधक होता. तरुण जॉन अ‍ॅडम्स, पुढचे राष्ट्राध्यक्ष, आपल्या ब्रेन्ट्री गावातील परवाने कमी व्हावेत म्हणून झटत होते. १७६० च्या रोजनिशीत त्यांनी तक्रार केली आहे की, या घरांत आळशी आणि बेशिस्त लोक पडून असतात आणि वर आपले लोकप्रतिनिधीही तिथेच घडू लागले आहेत. ज्याला ही गोष्ट खुपत होती, त्याचीच ती साक्ष आहे. व्हर्जिनियात १७६९ साली गव्हर्नरने विधानसभा बरखास्त केली, तेव्हा सभासद विल्यम्सबर्गच्या रॅली टॅव्हर्नमध्ये जाऊन बसले आणि ब्रिटिश मालावरील बहिष्काराचा करार तिथे झाला.

त्या मजकुराच्या लेखकाला टीकाच करायची होती, तर खरा मुद्दा त्याच्या हातातून निसटला. 'गावाची जागा' म्हणताना गाव म्हणजे कोण, हे विचारायला हवे होते. मूळ रहिवासी, गुलाम आणि नोकर यांना दारू विकण्यावर कायद्याने बंदी किंवा बंधने होती, आणि बैठकांमध्ये बोलणारे बहुतेक जमीनजुमला असलेले गोरे पुरुष होते. पार्करच्या तुकडीत मात्र प्रिन्स एस्टाब्रुक नावाचा एक गुलामगिरीतील कृष्णवर्णीय माणूस होता. त्या पहाटे तो त्या टॅव्हर्नसमोरच्या मैदानावर इतरांबरोबर रांगेत उभा राहिला, आणि जखमी झालेल्या दहा जणांत त्याचेही नाव आहे.