सीक्रेट जुळत नाही, म्हणून तपासणी काढू नका

की एक्स्चेंज म्हणजे दोन बाजूंनी उघड्या मार्गावरून एकच गुप्त मूल्य (सीक्रेट) ठरवणं. त्याच्या कोडबद्दल डेव्हलपर मंडळींत एक सल्ला सर्रास फिरतो: “दोन्ही बाजूंचं सीक्रेट जुळत नसेल तर लायब्ररीच गंडलेली आहे. पब्लिक कीची (समोरून उघडपणे आलेल्या कीची) तपासणी काढा, पुढचे शून्य बाइट छाटा, आणि हाती येईल ते थेट एईएसची (माहिती कूटबद्ध करणाऱ्या अल्गोरिदमची) की म्हणून वापरा.” हा सल्ला पाळू नका.

लायब्ररी गंडलेली? पायथनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीत एक्स२५५१९ची (गणिती वक्रावर आधारलेल्या की एक्स्चेंज पद्धतीची) एक्स्चेंज मेथड समोरच्याची की ऑब्जेक्ट म्हणूनच घेते. नुसते बाइट दिले तर टाइपएरर येणारच. खरंच संशय असेल तर आरएफसी ७७४८ या तिच्या तांत्रिक दस्तऐवजाच्या ६.१ भागात अ‍ॅलिस-बॉबच्या कीज आणि त्यांचं सीक्रेट छापलेलं आहे. ते आपल्या कोडमधून काढून बघा. जुळलं, तर की पाठवताना किंवा वाचताना काय होतंय ते शोधा.

शून्य छाटण्याचा मुद्दा जास्त चकवतो. डिफी-हेलमन या जुन्या की एक्स्चेंज पद्धतीत उत्तर म्हणजे एक मोठी संख्या, आणि साधारण २५६ वेळांतून एकदा तिचा पहिला बाइट शून्य येतो. वेबची जोडणी सुरक्षित करणारं टीएलएस घ्या: टीएलएस १.२ तो टाकून देतं, टीएलएस १.३ ठेवतं, ओपनएसएसएल या लायब्ररीत त्यासाठी दोन वेगळी फंक्शन्स आहेत. एका बाजूने छाटला आणि दुसरीने ठेवला, की प्रोग्राम शेकडो वेळा नीट चालतो, मधेच एकदा फसतो, पुन्हा चालवला की ठीक. मग खापर नेटवर्कवर फुटतं! छाटायचं की नाही हे प्रोटोकॉल ठरवतो, आपण नाही. एक्स२५५१९मध्ये तर ३२ बाइट म्हणजे ३२च. शिवाय छाटल्यामुळे वेळेत पडणाऱ्या सूक्ष्म फरकावरच टीएलएसवरचा २०२०चा रकून हल्ला उभा होता.

तपासणी काढणं सर्वांत घातक. २०१८मध्ये ब्लूटूथ पेअरिंगमधली सीव्हीई-२०१८-५३८३ ही त्रुटी उघड झाली. तिथे पब्लिक की म्हणजे ठरलेल्या गणिती वक्रावरचा एक बिंदू. समोरून आलेला बिंदू वक्रावर आहे का, हे अनेक उपकरणं पाहतच नव्हती, त्यामुळे संभाषणाच्या मध्ये घुसलेल्या माणसाला की काढता येत होती. एक्स२५५१९मध्ये सीक्रेट सगळं शून्य आलं तर पायथनची मेथड व्हॅल्यूएरर देते. तो दाबू नका. आधी की ठेवायचा बफर (मेमरीतली जागा) भरला होता का ते बघा. रिकामा, शून्यांचा बफर की म्हणून गेला तरी हाच एरर येतो.

आणि कच्चं सीक्रेट एईएसला देऊ नका. ते एचकेडीएफमधून (सीक्रेटपासून वापरण्याजोगी की घडवणाऱ्या फंक्शनमधून) काढा, त्यात दोन्ही पब्लिक कीज मिसळा, आणि क्रम दोन्हीकडे एकच ठेवा.