माझ्या मेलीच्या संकल्पांची थकबाकी

परवा ३१ तारखेला माळा आवरायला काढला. (दिवाळीत आवरायचा राहिलेला माळा आमच्याकडे डिसेंबरअखेर आवरतात. ही एक वेगळीच थकबाकी.) पितळी डबे, लेकाची पाचवी-सहावीची पुस्तकं आणि त्यांच्या तळाशी डायऱ्या. बँकेत नोकरी असल्यामुळे घरात डायऱ्यांना तोटा नाही. २०११ पासूनच्या तेरा सापडल्या. तिथंच मांडी घालून बसले आणि एकेकीचं पहिलं पान उघडत गेले.

२०११ : रोज ४५ मिनिटं चालणे. गोड बंद. इंग्रजी पेपर वाचणे. साडेदहाला झोप.

२०१२ : तेच सगळं, फक्त ४५ मिनिटांच्या जागी एक तास.

म्हणजे बघा, आदल्या वर्षी ४५ मिनिटं झेपली नाहीत, म्हणून यंदा एक तास! कर्ज विभागात बसणारी बाई मी. पाच हजारांचा हप्ता ज्याला पेलला नाही त्याला सात हजारांचा बांधून दिला तर मॅनेजर मला केबिनमध्ये बोलावून विचारतील, मॅडम, बरं वाटतंय ना?

बहुतेक डायऱ्यांमधलं लिखाण ९ ते १४ जानेवारीच्या दरम्यान आटपतं. १४ ला का, ते सांगायला नको. ज्या महिन्यात संक्रांत येते, त्या महिन्याच्या एक तारखेला 'गोड बंद' लिहिणारी बाई एकतर फार निग्रही असेल किंवा तिनं कॅलेंडर बघितलेलं नसेल. त्यातून राहायला साताऱ्यात. तिळगूळ चुकवला तर कुणीतरी कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात उभं असतं. आणि हळदीकुंकवं काय, रथसप्तमीपर्यंत चालूच.

इथवर हसत होते. मग २०१४ ची उघडली. १७ जानेवारीच्या पानावर एवढंच : 'परत तेच. तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही.' २०१६ मध्ये : 'आळशी म्हैस.' खाली दोन रेघा. निळं शाईपेन, माझंच वळणदार अक्षर. शाळेत याच अक्षराला बक्षीस मिळालं होतं.

ही भाषा आपण कुठून शिकतो हो? माझी आजी कधी 'माझ्या लक्षात नाही राहिलं' असं म्हणाल्याचं मला आठवत नाही. ती म्हणायची, 'माझ्या मेलीच्या लक्षातच नाही.' 'आमचं काय मेलं!' 'मी मेली कसली शहाणी!' चालत्या-बोलत्या, बारा माणसांचा स्वयंपाक एकहाती काढणाऱ्या बायका स्वतःला सरळ 'मेली' म्हणायच्या आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आम्ही शिकलो, नोकऱ्या केल्या, 'मेली' सोडलं. पण ताटं वाढताना, कुणी पहिला घास घ्यायच्या आत, 'आज भाजीत मीठ जरा इकडंतिकडं झालंय हं' हे तोंडातून जातंच. भाजी छान झालेली असते. तरी आधी माफी मागून ठेवायची, म्हणजे नंतर कुणी नाव ठेवलं तर लागत नाही.

काल सकाळपासून फोनवर 'नवं वर्ष, नवी मी' छापाचे जे फॉरवर्ड येताहेत ते मला म्हणून सहन होत नाहीत. जुनी मी कुठं गेली? रात्री बाराच्या ठोक्याला तिला घराबाहेर काढायची का? वर ते 'स्वतःवर प्रेम करा' म्हणून येणारे स्पाचे पॅकेज. माझ्या घरी काम करणाऱ्या ताईंना मी म्हणायचं का, की ताई, स्वतःसाठी रोज तासभर काढा? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि ती कामं करणाऱ्या पुरुषांचा ९७, असं आलंय. जवळजवळ पाच तास. ताई तर आपलं घर उरकून आमची चार घरं करतात. त्यांना स्वतःवर प्रेम करायला सांगण्याआधी आपली खरकटी भांडी तरी आपण विसळून ठेवावीत.

तर मुद्दा स्पाचा नाही. आपण आपल्याशी बोलतो कसं, हा आहे. माझ्या ते लक्षात आलं नोव्हेंबरात, माझ्याच टेबलावर.

एक काका आले होते. सत्तरीच्या आसपास, धुवट पांढरा सदरा, हातात पासबुकाची प्लास्टिकची पिशवी. मुलासाठी टेम्पोचं कर्ज, काका जामीनदार. काकूंच्या आजारपणात दोन हप्ते राहिले होते आणि तिसरा तोंडावर होता. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : थकबाकी ९० दिवसांच्या पुढं गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबी थकीत कर्ज, होतं, आणि मग पत्रं, फोन, सगळं सुरू. काका खुर्चीत बसायलाच तयार नव्हते. उभ्यानंच म्हणाले, "मॅडम, म्या बुडव्या न्हाई." आणि त्यांचा आवाज फुटला.

मी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. म्हटलं, "काका, बसा आधी. बुडव्या कोण म्हणालं तुम्हाला? दोन हप्ते राहिलेत. राहिलेल्या हप्त्यांचं बोलू."

मग बोललो. टेम्पोच्या महिन्याला किती फेऱ्या होतात, डिझेल किती, दवाखान्याचं किती देणं आहे. मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, यासाठी अर्ज कसा द्यायचा ते सांगितलं. अर्धा तास गेला. मागं रांग होती, कुणी कुरकुरलं नाही. काका गेले तेव्हा पिशवी विसरले, मी धावत जाऊन दिली.

याच्यात मी काही थोर केलं नाही, हे माझं रोजचं काम आहे. पण संध्याकाळी पोवई नाक्यावर सिग्नलला गाडी थांबवली, आणि घरी गॅसवर दूध ठेवून विसरल्याचा लेकाचा मेसेज बघितला (सकाळी मीच ठेवलं होतं, भांडं जळालं), तर डोक्यात पहिलं वाक्य काय आलं? 'मूर्ख बाई, तुला काही जमत नाही.' दुपारी त्या काकांशी मी ज्या तोंडानं बोलले, तेच हे तोंड. काकांचा हप्ता राहिला होता, माझं दूध उतू गेलं होतं. त्यांना मी पाणी दिलं.

आमचा एक सहकारी इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला जाऊन आला. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, मॅडम, मैत्री भावनेचा, म्हणजे मनातून सगळ्यांचं भलं चिंतण्याच्या ध्यानाचा, जुना क्रमच असा आहे : आधी स्वतःला, मग आपल्या माणसाला, मग ज्याच्याशी देणंघेणं नाही त्याला आणि शेवटी वैऱ्याला. मी म्हटलं, माझा क्रम उलटा लागलाय रे. मी अजून वैऱ्यावरच अडकलेय, आणि ती वैरीण रोज आरशात दिसते.

घरी हा विषय काढला की आमचे 'हे' एकच म्हणतात : "असे स्वतःचे लाड केलेस तर अजून आळशी होशील." मलाही ही भीती होती, खोटं कशाला बोलू. आपल्याला वाटतं चाबूक आहे म्हणून बैल चालतो. माझी भाची मानसशास्त्र शिकते, तिनं मला कॅनडातला एक अभ्यास वाचायला दिला. ओटाव्याच्या कार्लटन विद्यापीठातला, २०१० चा. पहिल्या वर्षाचे ११९ विद्यार्थी. पहिल्या परीक्षेच्या आधी ज्यांनी अभ्यासाची टाळाटाळ केली आणि त्याबद्दल स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ कमी केली. वाचून मला विशेष आश्चर्य वाटलं नाही. वसुलीचा आमचा अनुभव हाच आहे. ज्याला चारचौघांत बुडव्या म्हटलं, तो फोन उचलायचा बंद होतो. मीही तेच करते, १४ तारखेनंतर डायरीच उघडत नाही.

आणि माफ करणं म्हणजे सोडून देणं नव्हे, हे आमच्या खात्यात फार चांगलं कळतं. पेपरात 'बँकांनी अमुक कोटींची कर्जं निर्लेखित केली' अशी बातमी आली की लोक म्हणतात, घ्या, केली माफ! तसं नसतं हो. निर्लेखन म्हणजे ताळेबंदातून बाजूला काढणं, वसुली चालूच राहते. कर्जमाफी वेगळी. आणखी एक गंमत सांगते. जे खातं अगदी वेळच्या वेळी फेडलं जातंय, त्याच्यासाठीसुद्धा बँकेला थोडी तरतूद बाजूला ठेवावी लागते, साधारण कर्जांना ०.४० टक्का. का? तर माणूस आहे, उद्या काहीही होऊ शकतं. रिझर्व्ह बँकेनंसुद्धा गृहीत धरलंय की माणसाचं चुकणार. माझ्या तेरा डायऱ्यांत पैशाचीही तरतूद नाही.

(सगळं खात्यात बसवायची ही सवय जाणार नाही आता. निवृत्तीला सहा वर्षं राहिलीत.)

आता जे सांगायला ही पोस्ट लिहायला घेतली, आणि तीनदा पुसली, ते.

२०१९ च्या डायरीत पहिल्या पानावर सगळ्यात वर आहे : 'आईवर चिडायचं नाही.' आई तेव्हा आमच्याकडे होती. विसरायला लागली होती. २०१८ च्या पावसाळ्यात एका रात्री तिनं 'गॅस बंद केलास का गं' हे चौथ्यांदा विचारलं, आणि मी ओरडले. साधंसुधं नाही, शेजारी ऐकू जाईल इतकं. काय बोलले ते इथं लिहिणार नाही. ती काही बोलली नाही, उठून पदरानं डोळे पुसत खोलीत गेली.

२०१९ च्या एप्रिलमध्ये आई गेली. २०२० च्या डायरीत तेच कलम आहे, फक्त 'आईवर' हा शब्द नाही. 'चिडायचं नाही.' पुढच्या प्रत्येक वर्षी तेच. माळ्यावर बसून मी ती दोन पानं शेजारी शेजारी धरली आणि मला उठता येईना.

काकांचे हप्ते भरता येतात. माझं देणं जिचं, तीच नाही. भरणा कुठं करायचा? इथं माझं बँकिंग संपतं.

रात्री मोठ्या बहिणीला फोन केला. सात वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं, तिलाही नाही. सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मी पण ओरडले होते गं. दिवाळीत आली होती ना माझ्याकडे, तेव्हा. मला वाटायचं मीच एकटी." दोघी रडलो. तिकडं भाऊजी विचारत होते, काय झालं, काय झालं.

खिडकीतून दिवसा सज्जनगड दिसतो आमच्या. लहानपणी आजीनं रोज संध्याकाळी मनाचे श्लोक म्हणायला लावले, दोनशे पाचच्या दोनशे पाच. 'नको रे मना' तर त्यात जागोजागी आहे, रामदास काही गोड बोलणाऱ्यातले नव्हेत. रागावू नको, हाव धरू नको, सगळं बजावून सांगतात. पण गणपतीला वंदन झालं की दुसऱ्याच श्लोकात मनाला हाक कशी मारतात? 'मना सज्जना.' अजून त्या मनानं काही करून दाखवलेलं नाही, चांगलं वागलेलं नाही. आधी सज्जन म्हटलं, मग कान धरला. पन्नास वर्षं पाठ असलेल्या ओळीत हा एक शब्द मला आत्ता ऐकू आला. आणि मी डायरीत माझ्या मनाला हाक मारते, 'म्हैस'.

यंदाही बँकेची डायरी आली आहे. पहिल्या पानावर लिहिलंय : 'चालणे २० मिनिटं, आठवड्यातून चारदा. थंडी असेल तर तीनदा.' हप्ता कमी, मुदत वाढवून. गोडाचं कलम रथसप्तमीनंतर विचारात घेण्यात येईल. चिडण्याचं कलम काढलेलं नाही. त्याच्यापुढं कंसात लिहिलंय, 'चिडलीस तर त्याच दिवशी सॉरी म्हण.' एवढं मला जमण्यासारखं आहे.

अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर आज म्हणे पाय ठेवायला जागा नव्हती. नवे बूट, नव्या टोप्या. मी गेले नाही. वीस तारखेनंतर जाईन, रस्ता मोकळा असतो.

बहिणीनं फोन ठेवायच्या आधी आणखी एक सांगितलं. मी ओरडले त्याच्या बहुतेक दुसऱ्याच दिवशी आईनं तिला फोन केला होता. तिला आता तारीख आठवत नाही, पण मी ऑफिसला गेल्यावरचा, दुपारचा फोन, पावसाळ्यातला. मी घाबरून विचारलं, काय म्हणाली? माझं सांगितलं?

"नाही गं. तुझ्या चहाचं सांगत होती. म्हणाली, ही सकाळी सगळ्यांना चहा देते आणि हिचा ओट्यावर गार होतो. तिला सांग जरा, माझं ऐकत नाही."

आज सकाळी सगळ्यांच्या आधी माझा कप भरला. बसून प्यायला. लेक येऊन विचारून गेला, आई, बरं नाही का तुला?